पांगाऱ्याची अळंबी आणि सोन्याचे जंत

एका राज्यात प्रत्येक घोड्याला नाव होते, राज्याला मात्र नव्हते. लोक त्याला नुसता घोड्यांचा मुलूख म्हणत. राजा अरिंजय तिथे राज्य करी. त्याच्या पागेत तीनशे घोडे होते, आणि त्या पागेचा सारा कारभार सटवोजी नावाचा एक मोतद्दार पाही.

सटवोजीने पन्नाशी ओलांडली होती. पाय धनुकलीसारखे बाकदार, आवाज घोगरा, अंगाला चंदीचा, म्हणजे घोड्यांच्या दाण्याचा, आणि ओल्या चामड्याचा वास. घोड्याने कान हलवला की त्याच्या मनात काय आहे ते सटवोजीला कळे. माणसांचे मात्र त्याला फारसे उमगत नसे, म्हणून तो माणसांत फारसा जात नसे. शेवंती नावाची एक घोडी त्याने वाटीने दूध पाजून वाढवली होती, कारण तिची आई तिला जन्म देताच गेली होती. ती शेवंती आणि ती पागा, एवढा त्याचा संसार.

एका वर्षी आषाढात घोडे वाळू लागले. खात पोटभर, पण अंगी काही लागेना. पोटे नगाऱ्यासारखी फुगली आणि बरगड्या मात्र दुरून दिसू लागल्या. आयाळीचे तेज गेले. घोडे खांबाला शेपटी घासून घासून ती बोडकी करून घेऊ लागले. शिंगरे चालता चालता बसू लागली. सटवोजीने पोटातले जंत ओळखले आणि पळसपापडी कुटून गुळातून चारली. जंत पडले, घोड्यांनी चार दिवस उभारी धरली, आणि महिन्याभरात पुन्हा तेच. त्याने कडुनिंब चारला. पुन्हा तेच. लिदीत पडलेले जंत सोन्याच्या तारांसारखे पिवळे नि चकचकीत होते, आणि जिवंत होते. असे जंत सटवोजीच्या बापाने पाहिले नव्हते, आज्याने पाहिले नव्हते. चाळीसावर घोडे दगावले, आणि सटवोजीला जन्मात पहिल्यांदा घोड्यांचे काही कळेनासे झाले.

आता पागेत सोने कुठून आले तेही सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी राजा शिकारीला गेला असता डोंगरातल्या एका गुहेत त्याला सोन्याच्या तारेचे बारा गुंडे सापडले. ते कुणाचे, हे विचारायला तिथे कुणी नव्हते. राजाने ते आणले, उलगडले, आणि तीनशे घोड्यांसाठी तीनशे झुली भरून घेतल्या. मग झुली चोरीला जाऊ नयेत म्हणून कुरणाभोवती पुरुषभर उंचीची भिंत घातली, एक दार ठेवले आणि त्याला एक कुलूप घातले. तेव्हापासून ते घोडे त्या भिंतीबाहेर गेले नव्हते. तेच गवत, तेच पाणी, आणि पाठीवर सदा ती झळझळीत झूल.

राजा कुरणात आला. त्याने घोडे पाहिले. त्याचा स्वतःचा घोडा राजहंस मान खाली घालून उभा होता.

"सटवोजी," राजा म्हणाला, "हे दुखणे भिंतीबाहेर गेले तर गावोगावची जनावरे मरतील. दसऱ्याला आपण घोडे पुजतो. त्या दिवशी जो घोडा आपल्या पायांवर उभा राहणार नाही, तो कड्यावरून लोटला जाईल."

"महाराज, त्यात शेवंतीसुद्धा?"

"त्यात राजहंससुद्धा," राजा म्हणाला आणि तोंड फिरवून निघून गेला.

सटवोजी भिंतीला टेकून बसला. तेवढ्यात त्याच्या पायाशी कुणीतरी ओरडले, "उठ तिथून! अंडी आहेत माझी."

तो दचकून बाजूला झाला. दोन खड्यांच्या मध्ये टिटवीची तीन अंडी होती, आणि टिटवी त्याच्याकडे रागाने पाहत होती.

"तू बोललीस?" सटवोजीने विचारले.

"मग काय अंडी बोलली?" टिटवी म्हणाली. "तीन पावसाळे इथे राहते आहे. तुझी धडपड रोज बघते. सोने ज्याचे, त्याला जाऊन विचार. निजलेल्या झाडांच्या रानात धूम्रा राहते. मांत्रिकीण आहे. गुंडे तिचे होते."

"त्या रानाची वाट कोणती?"

"खात्री वाटली की मागे वळ. घोटाळ्यात पडलास की पुढे चाल," टिटवी म्हणाली आणि अंड्यांवर जाऊन बसली.

ही कसली वाट, ते सटवोजीला कळेना. पण शेवंतीकडे एकदा पाहून तो निघाला. ते रान असे होते की तिथली सारी झाडे आडवी पडलेली होती, आणि पडूनही पालवी धरून होती. सटवोजी पहिल्या दिवशी रुळलेल्या पायवाटेने गेला आणि संध्याकाळी जिथून निघाला तिथेच येऊन पोचला. दुसऱ्या दिवशी सूर्य उजवीकडे ठेवून गेला, तरी पुन्हा तिथेच. तिसऱ्या दिवशी त्याला टिटवीचे बोलणे आठवले. पायवाट ओळखीची वाटली की तो वळे, आणि 'आता आपण पुरते चुकलो' असे वाटले की पाय उचली. अशा रीतीने दुपारपर्यंत तो इतका चुकला की उगवती कुठे नि मावळती कुठे हेही त्याला सांगता येईना, आणि तेव्हाच तो धूम्रेसमोर उभा होता.

धूम्रा एका ओंडक्यावर बसली होती. कमरेपर्यंत ती म्हातारी बाई होती आणि कमरेखाली धूर होती. तिची एक रीत होती. तिला जो प्रश्न विचारावा त्याचे उत्तर ती देत नसे. त्याच्या पुढे जो प्रश्न विचारला जाणार असे, त्याचे उत्तर आधी देई. सटवोजीला हे ठाऊक नव्हते. त्याने दंडवत घातला.

"माते, माझ्या घोड्यांना काय झाले आहे?"

"तुझ्या राजाने," धूम्रा म्हणाली.

सटवोजी गोंधळला. "म्हणजे? हे केले कुणी?"

"मी शाप दिलाच नाही. ते सोने नव्हते, जंत होते. मुलूखभरचे जंत मी धरले, बांधले आणि त्यांच्या तारा करून ठेवल्या होत्या. गुंडा सुटला की ते जागे होतात. सोन्याचा शाप तो सोन्यातच असतो."

"पण माते, एवढ्या मुक्या जिवांना तू शाप का दिलास?"

"गवतातून. पहाटेच्या दवात जंतांची पिले पात्यांच्या टोकांवर चढतात. घोडा चरतो आणि ती आत जातात. तुमच्या भिंतीआड त्याला दुसरे गवत कुठे आहे?"

"मग मी पळसपापडीने पाडतो ते पुन्हा पोटात येतात कुठून?"

"लिदीत," धूम्रा म्हणाली.

सटवोजीच्या डोक्यात भिंगरी फिरू लागली. कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, याची जुळवाजुळव करता करता त्याला पुढचा प्रश्नच सुचेना. त्याची ती दशा पाहून धूम्रेला दया आली.

"प्रश्न पुरेत," ती म्हणाली. "आता आज्ञा ऐक. आज्ञा मी सरळच देते. कुरणाच्या दाराबाहेर पांगाऱ्याचे मेलेले खोड पडले आहे. त्याला नऊ दिवस जेवू घाल. हे पहिले काम. त्यातून जे उगवेल ते आधी तू खा, मग राजाला वाढ, मग घोड्यांना घाल. माणसाच्या पानात जे चालत नाही ते घोड्याच्या तोबऱ्यात जाता कामा नये. हे दुसरे काम."

"आणि तिसरे?"

"पंधरा दिवस कुरणातली लीद उचलू नकोस."

"माते!" सटवोजी कळवळून म्हणाला. "तीस वर्षांत एक दिवस माझ्या पागेत लीद राहिली नाही."

"आणि माझ्या तारा मला परत हव्यात," धूम्रा म्हणाली. तिने ओंडक्याच्या ढोलीतून भाताच्या पेंढ्याची एक जुडी काढून त्याच्या हाती दिली. पेंढा पांढऱ्या बुरशीने कापसासारखा माखला होता. "हा त्याचा पहिला घास."

सटवोजी परतला. परतीला मात्र वाट एका दिवसात सरली.

पांगाऱ्याचे खोड दाराबाहेर पडले होते, माणसाच्या दुप्पट लांब, उन्हापावसाने करडे झालेले. मेलेल्या झाडाला जेवू कसे घालावे? सटवोजीने त्याच्यापुढे आधी चंदी ठेवली. चंदी चिमण्यांनी खाल्ली. मग गूळ ठेवला, त्याला मुंग्या लागल्या. भिंतीवर बसून टिटवी हे बघत होती.

"त्याला तोंड आहे का?" ती म्हणाली. "तोंड कर आधी. मग पाणी आणि सावली दे."

सटवोजीने सुताराच्या सामत्याने खोडाला वीतभर अंतराने भोके पाडली, प्रत्येकात तो पांढरा पेंढा दाबून बसवला, वर ओले गोणपाट घातले आणि सकाळ-संध्याकाळ घागरीने पाणी घातले. हाताखालचे मोतद्दार एकमेकांकडे बघत. घोडे मरत आहेत आणि म्हातारा लाकडाला पाणी पाजतो आहे! सटवोजीला त्यांचा राग येत नव्हता, कारण त्यांचे म्हणणे त्यालाही पटत होते. पाचव्या दिवशी खोडाने ढेकर दिली. सातव्या दिवशी ते जास्तीचे पाणी मागू लागले. नवव्या दिवशी सकाळी त्याने गोणपाट उचलले, आणि काय पाहतो, खोडाच्या अंगभर पांढरीशुभ्र अळंबी फुटली आहे. शिंपल्यांसारखी, एकावर एक, थरावर थर.

खोडाच्या बुडाशी मातीतून आणखी एक छत्री वर आली होती, तांबडी आणि वर पांढरे ठिपके असलेली. दिसायला ती साऱ्यांत सुंदर होती. सटवोजीने हात पुढे केला.

"ते नको," टिटवी ओरडली. "ते तू पेरलेले नाहीस. जे पेरले नाहीस ते ओळखतोस का?"

"नाही."

"मग खातोस कशाला?"

सटवोजीने ती तांबडी छत्री खणून काढली आणि खोल पुरून टाकली. मग पांढरी अळंबी ओंजळभर तोडली, कांद्यावर तेलतिखटात परतली आणि भाकरीशी खाल्ली. रात्र गेली, सकाळ झाली, त्याला काही झाले नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी तशीच भाजी करून, केळीच्या पानाने झाकून, तो राजवाड्यात गेला.

"हे काय आहे?" राजाने विचारले.

"अळंबी, महाराज. घोड्यांचे औषध. आधी आपण खायचे आहे."

"विषारी असली तर?"

"मी काल खाल्ली, महाराज."

"मग काय झाले?"

"आज जास्त भूक लागली."

राजाने एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. मग काही न बोलता पान पुसून घेतले आणि आणखी आहे का म्हणून विचारले. पण हात धुताना त्याचा चेहरा पुन्हा कठोर झाला.

"भाजी चांगली आहे. पण हिने पोटातले जंत मरतात कसे?"

"ठाऊक नाही, महाराज."

"मरतात एवढे तरी ठाऊक आहे?"

"तेही नाही, महाराज."

राजा त्याच्याकडे टक लावून पाहत राहिला. खोटे बोलणारी माणसे त्याने पुष्कळ पाहिली होती. ठाऊक नसल्याचे असे उघड कबूल करणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटला. "दसऱ्याला वीसच दिवस उरले आहेत," एवढे म्हणून त्याने त्याला जाऊ दिले.

खोड मोठ्या मनाचे निघाले. सकाळी जितके तोडावे तितके संध्याकाळपर्यंत पुन्हा फुटे. सटवोजी अळंबी चिरून चंदीत कालवी, तोबऱ्यात भरी आणि एकेका घोड्याच्या तोंडाला लावी. घोड्यांनी आधी नाक फेंदारले, मग शेवंतीने खाल्ले, मग तिचे बघून बाकीच्यांनी. घोड्यांच्या खाण्यात तो रोज काहीतरी शोधत राही. आज कान ताठ झाले का? आज पोट उतरले का? काही झाले नव्हते.

आणि ते तिसरे काम! पहाटे जाग आली की सटवोजीचा हात आपोआप पाटी-खराट्याकडे जाई, आणि मग त्याला आठवे. कुरणात जागोजागी लीद पडून राहिली. माशा घोंगावू लागल्या. वारा पडला की वास राजवाड्यापर्यंत जाई. मोतद्दार म्हणाले, "मालक, निदान दारापुढची तरी काढू." सटवोजी म्हणाला, "नाही." का नाही, हे त्याला सांगता येईना. ज्या जंतांनी घोडे मरत होते ते लिदीतूनच पडत होते, आणि ती लीदच तो राखत बसला होता. आपण धूम्रेचे ऐकतो आहोत की धूम्रा आपल्याकडून सूड उगवून घेते आहे, हा विचार त्याच्या मनात येई आणि तो घटकाभर भिंतीशी नुसता उभा राही.

बाराव्या दिवशी दुपारी राजहंस खाली बसला तो उठला नाही. सटवोजीने त्याचे डोके मांडीवर घेतले. राजा धावत आला, पण तोवर सारे संपले होते. राजाने झूल काढून बाजूला टाकली आणि राजहंसाच्या मानेवरून हात फिरवला.

"बारा दिवस तू याला अळंबी चारलीस," तो म्हणाला.

"होय, महाराज."

"आणि माझ्या कुरणाचा उकिरडा केलास."

"होय, महाराज."

"आता दसऱ्यापर्यंत थांबण्यात अर्थ नाही. उद्या उन्हे वर आली की दार उघडायचे आणि सगळे घोडे कड्याकडे न्यायचे. तू त्यांना नेशील. तुझ्याशिवाय ते कुणाच्या मागे जाणार नाहीत."

आपण चुकलो की नाही, हेच सटवोजीला कळत नव्हते. राजाचे खरे वाटत होते, आणि धूम्रेचेही खोटे वाटत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच तो शेवंतीजवळ गेला. ती उभी होती. तिने त्याच्या खांद्यावर हनुवटी ठेवली. दव इतके दाट पडले होते की कुरण दुधाळ दिसत होते. शेवटचे एकदा तिचे खूर पुसावेत म्हणून सटवोजी गुडघ्यांवर ओल्या गवतात बसला. त्याच्या नाकासमोर तीन-चार दिवसांपूर्वीची लीद होती. ती तो आजवर उभ्यानेच पाहत आला होता. आता जवळून पाहिली.

लिदीवर पांढरी लव आली होती. कोळ्याच्या जाळ्याहून बारीक धागे, आणि धाग्याधाग्याला नखाच्या टोकावर मावतील असे फास. लिदीतून सोन्याची एक पिल्लू-तार सळसळत बाहेर आली आणि गवताच्या पात्याकडे निघाली. ती एका फासातून जाऊ लागली. फास फुगला आणि आवळला. तार वळवळली, दोनदा उसळली, मग थांबली. तिच्या अंगात चारी बाजूंनी पांढरे धागे शिरले, आणि बघता बघता ती ताठ झाली. सटवोजीने बोटाने उचलली. निर्जीव सोन्याची तार!

त्याने दुसरी लीद पाहिली. तिथेही तेच. तिसरी पाहिली. मग गवताच्या पात्यांची टोके पाहिली. दवाचे थेंब होते, आणि थेंबांत काहीही नव्हते.

"अगं," तो शेवंतीला म्हणाला, "औषध तुझ्या पोटात काम करतच नाही! मग करते कुठे?"

हा प्रश्न त्याच्याच तोंडून बाहेर पडला आणि त्याच्याच कानी पडला, आणि रानात ऐकलेले ते एकटे पडलेले उत्तर त्याला आठवले: 'लिदीत.' पोटात शिरलेली अळंबी पोट ओलांडून लिदीत जाते, आणि जंतांची पिले जिथे जागी होतात तिथे आधीच फास लावून बसते. सटवोजी उठला आणि बाकदार पायांनी राजवाड्याकडे धावत सुटला.

राजा जागाच होता. सटवोजी त्याला घेऊन कुरणात आला.

"महाराज, गुडघे टेकावे लागतील."

"कुठे?"

"इथे. लिदीत."

राजाने घोड्यांकडे पाहिले, सटवोजीकडे पाहिले, आणि तो गुडघे टेकून बसला. ऊन पात्यांवर आले तरी तो वाकूनच होता. त्याच्या देखत सात तारा फासांत अडकल्या.

"मग माझा राजहंस का गेला?" त्याने मान वर न करता विचारले.

"त्याच्या आत आधीच फार होते, महाराज. असे मला वाटते. नक्की सांगता येत नाही."

"आणि हे उरलेले?"

"आतले पळसपापडीने पडतील, नाहीतर म्हातारे होऊन मरतील. पडतील ते पुन्हा उठणार नाहीत आणि नवे आत जाणार नाहीत. पण वेळ लागेल."

"किती?"

"थंडी सरेपर्यंत तरी."

राजा उठला. त्याच्या गुडघ्यांवर ओले हिरवे डाग पडले होते, ते त्याने झटकले नाहीत. जवळच्या घोड्याच्या पाठीवरची झूल त्याने स्वतःच्या हाताने उतरवली, तिची एक तार दातांनी तोडली आणि ओढून उसवायला घेतली. मग मोतद्दार आले, राजवाड्यातले शिंपी आले, राणीवशातल्या बायका आल्या. चार दिवस सारे झुली उसवत होते. उसवताना काही तारा हातात वळवळल्या. त्या त्यांनी अळंबीच्या खोडावर टाकल्या, आणि खोडाने त्या गिळल्या.

पाचव्या दिवशी दारातून धुराचा लोट आत आला आणि त्यात धूम्रा होती. राजा तिला सामोरा गेला.

"विचारल्यावाचून तुझे नेले," तो म्हणाला. "माझी चूक झाली."

"राग धरायला मला फुरसत नाही. बारा गुंडे पुन्हा वळायचे आहेत," धूम्रा म्हणाली. तिने टाळी वाजवली. उसवलेल्या साऱ्या तारा आणि कुरणात ताठ होऊन पडलेल्या तारा उठून तिच्या हातांभोवती गुंडाळल्या गेल्या. गुंडे झाले, तिने ते पदरात घेतले. "आणि ती भिंत पाड. एकाच गवतावर जन्म काढायला घोडा काही शेळीसारखा दाव्याला बांधलेला नाही." एवढे बोलून ती विरून गेली.

दसरा आला. राजा पूजेचे ताट घेऊन कुरणात आला तेव्हा घोडे रांगेत उभे होते, हडकुळे, पण आपल्या पायांवर. दोन मात्र उठू शकले नाहीत. साऱ्यांनी राजाकडे पाहिले. राजाने ताट गवतात ठेवले, एका घोड्याच्या पोटाखाली खांदा दिला आणि सटवोजीला म्हणाला, "तू पलीकडून लाव." दोघांनी मिळून तो घोडा उभा केला, मग दुसरा उभा केला, आणि राजा नि सटवोजी असे टेकू देऊन उभे असतानाच कुणीतरी दोन्ही घोड्यांना कुंकू लावले.

थंडी आली, थंडी गेली. पोटे उतरली, शेपट्यांना केस आले, आणि माघात अंगांवर तेल चोपडल्यासारखी चकाकी चढली. सटवोजीने गावोगावी पांगाऱ्याची मेलेली खोडे हेरून ठेवली आणि प्रत्येकाच्या पोटात पांढऱ्या पेंढ्याचा एक घास भरला. कुणी विचारले तर तो म्हणे, "पोटात नाही, मागे बघा," आणि ऐकणारा गोंधळून जाई.

मग एका सकाळी भिंतीचे शेवटचे दगडही हलले. पलीकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत अस्पर्श गवत होते. सटवोजीने घोडे मोकळे सोडले. घोडे भिंतीच्या जागेपर्यंत आले आणि थांबले. तिथे आता काही नव्हते, जमिनीवर मातीची एक फिकट पट्टी तेवढी उरली होती. पण सगळे घोडे त्या पट्टीशी कान टवकारून, नाके पुढे करून, गोंधळून उभे होते. कुणी मोतद्दार हाकारे देऊ लागला. सटवोजीने त्याला हाताने थांबवले. तो एकटाच त्या पट्टीवरून पलीकडे गेला, पाठ करून बसला आणि गवताची एक काडी चघळू लागला. वळून पाहिले नाही, हाक मारली नाही.

बराच वेळ गेला. मग त्याच्या मानेवर गरम श्वास आला. शेवंती पलीकडे आली होती. तिच्या मागून एक आला, मग दहा, आणि मग जमीन हादरू लागली आणि सारी पागा त्याच्या दोन्ही बाजूंनी डोंगराकडे भरधाव निघाली, आणि सटवोजी त्या टापांच्या मधोमध बसून हसत राहिला.

तर असे त्या बिननावाच्या मुलखाचे गाऱ्हाणे मिटले. ज्यांनी ऐकले त्यांच्या दारची जनावरे धष्टपुष्ट राहोत, आणि त्यांना रोज नवे गवत मिळो.